फारसी सूफी काव्यावर ग्रुप शो लावताय? या चुका टाळा

रूमी, अत्तार, हाफिज यांच्या कवितेवर प्रदर्शन लावायची हौस आपल्याकडच्या चित्रकारांच्या गटांना वारंवार येते. हौस चांगलीच आहे. पण हॉल बुक होतो, निमंत्रणपत्रिका छापली जाते, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे तेही ठरते, आणि कविता वाचायची तेवढी राहून जाते. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

फोनवर आलेला रूमी

सूर्यास्ताच्या फोटोवर चार ओळी, खाली ‘रूमी’. त्यावरून चित्र, त्याच ओळी कॅटलॉगमध्ये. ‘ये, ये, तू कोणीही अस, पुन्हा ये’ ही रुबाई (चार ओळींची कविता) तर अशा प्रत्येक प्रदर्शनात भिंतीवर भेटते. ती रूमीची नाही असे अभ्यासक सांगत आले आहेत. त्याच्या आधी दोन शतके होऊन गेलेल्या अबू सईद अबुल-खैर यांच्या नावावरच्या रुबायांत ती सापडते. इंग्रजीतली गाजलेली कोलमन बार्क्स यांची रूपांतरेही जपून वापरा. त्यांना फारसी येत नव्हती. इतरांच्या भाषांतरांवरून त्यांनी मोकळ्या कविता केल्या. वाचायला छान आहेत, पण त्यातली प्रत्येक ओळ रूमीची म्हणून भिंतीवर लावता येत नाही.

मी गटातल्या प्रत्येकाला एकच अट घालते: ओळ आणा, पण दफ्तर (खंड) आणि बैताच्या (दोन ओळींच्या कडव्याच्या) क्रमांकासह. रूमीच्या ‘मसनवी’ या दीर्घकाव्याची सहा दफ्तरे आहेत, सुमारे 25,000 बैत. इंग्रज अभ्यासक निकल्सन यांनी 1925 ते 1940 या काळात मूळ पाठ, पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि टीपा छापल्या, म्हणजे शोधायची सोय आहे. पुण्यामुंबईच्या चित्रकारांना तर सबबच नाही. माधव जूलियन यांचा फारसी-मराठी कोश 1925 पासून आपल्याकडे आहे, आणि मुंबईत के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे ग्रंथालय आहे. एवढे सांगितल्यावर ‘इतका वेळ कुठे आहे’ म्हणणारे गळतात. गळू द्यावेत.

अक्षरे तुटणे, उलटणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एका प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर मसनवीचा पहिला बैत, बासरीच्या तक्रारीचा, मोठ्या व्हिनाइल अक्षरांत लावायचे ठरले. डिझाइन करणाऱ्या मुलाने मजकूर नेटवरून उचलून सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीची सेटिंग चालू नव्हती, त्यामुळे प्रत्येक अक्षर शेजारच्यापासून सुटले आणि ओळीचा क्रम उलटा झाला. लिपी न येणाऱ्याला ते सुंदरच दिसत होते. सगळ्यांनी त्यासमोर फोटो काढले. उद्घाटनाच्या दुपारी फारसी शिकवलेले एक निवृत्त प्राध्यापक लवकर आले आणि डावीकडून एकेक अक्षर बोटाने जुळवत बसले. त्यांनी तो बैत कसाबसा लावला आणि काही न बोलता आमच्याकडे पाहिले. मग हेअर ड्रायर आणून व्हिनाइल सोलणे सुरू झाले. भिंतीचा रंग ताजा होता, तो पापुद्र्यासकट निघाला. वर घाईने मारलेला पट्टा प्रदर्शन संपेपर्यंत वेगळा दिसत राहिला.

तेव्हापासून माझ्या प्रदर्शनात फारसी मजकूर टाइप होत नाही. नस्तालीक ही फारसी लेखनशैली येणाऱ्या कातिबाकडून (सुलेखनकाराकडून) कागदावर लिहून घ्यायचा, स्कॅन करायचा, रेषांमध्ये बदलून छपाईला द्यायचा. टाइप करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर फाँटमध्ये पे, चे, झे, गाफ ही चार अक्षरे आहेत का ते आधी बघा; नुसत्या अरबीसाठी केलेल्या फाँटात ती नसली की तिथे रिकामे चौकोन येतात. आणि छापण्यापूर्वी जाणकाराला फोटो पाठवून ‘ठीक आहे ना?’ विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. छापायच्या फाइलवरून मोठ्याने वाचून आवाज पाठवायला सांगा.

याच बैताचे दोन पाठ प्रचलित आहेत हेही माहीत हवे. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरातल्या 1278 च्या हस्तलिखितात ‘बिश्नव ईन नय’ (ही बासरी ऐक) आहे, नंतरच्या कित्येक छापील प्रतींत ‘बिश्नव अझ नय’ (बासरीकडून ऐक). भिंतीवर एक आणि कॅटलॉगमध्ये दुसरा असे करू नका.

बारा चित्रकार, अकरा दरवेश

विषय वाटून दिला नाही तर हे ठरलेलेच. पांढरा घेर, उंच टोपी, मागे चंद्र. तेही चुकीचे: मौलवी पंथाचे, म्हणजे रूमीच्या परंपरेतले, दरवेश डाव्या पायावर, घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, उजवा तळवा वर, डावा खाली. उलटा छापलेला फोटो समोर ठेवून चित्र काढले की हात बदलतात आणि चित्राचा अर्थच जातो, कारण वरून घ्यायचे आणि खाली द्यायचे अशी ती मुद्रा आहे. टोपी थडग्याच्या दगडाची खूण, घेर कफनाची. हे कळले की पांढऱ्या रंगाकडे हातच वेगळ्या तऱ्हेने जातो. शिवाय हा विधी नीट बांधला गेला तो रूमीच्या मृत्यूनंतर (1273), त्याच्या मुलापासून पुढे.

मी अत्तारचे ‘मन्तिक-उत-तैर’ वाटून देते, आपल्या राजाच्या शोधात निघालेल्या पक्ष्यांचे काव्य. वाटेत सात दऱ्या आहेत: तलब (शोध), इश्क (प्रेम), मारिफत (ज्ञान), इस्तिग्ना (निरपेक्षता), तौहीद (एकत्व), हैरत (विस्मय), फक्र-ओ-फना (दारिद्र्य आणि विलय). न जाण्याच्या सबबी सांगणारे पक्षी आहेत: गुलाबात अडकलेला बुलबुल, पाणी न सोडणारे बदक, पडक्या वाड्यातले घुबड. प्रत्येकाला एक दरी किंवा एक पक्षी. तक्रारी येतात, पण चित्रे वेगवेगळी येतात.

यात स्वातंत्र्य जाते असे म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली याच काव्याची हेरातची 1487 ची हस्तलिखित प्रत पाहावी. तिच्यात 1600 च्या सुमारास हबीबुल्लाह या चित्रकाराने पक्ष्यांच्या सभेचे चित्र घातले आणि कोपऱ्यात बंदूकवाला शिकारी उभा केला. अत्तारच्या इराणात, बाराव्या शतकात, बंदूक कुठली? काव्य मुरलेल्या माणसालाच अशी भर सुचते.

बाकीच्या, थोडक्यात

तुकोबांचा अभंग रूमीशेजारी लावून ‘दोघे एकच सांगतात’ लिहू नका; दोघांवरही अन्याय होतो.

उमर खय्यामला न विचारता सूफी करू नका. तो सूफी होता की नाही यावर वाद आहे.

कुराणातली आयत असलेले काम जमिनीवर किंवा पायऱ्यांवर मांडू नका.

सोन्याच्या वर्खावर समोरून दिवा मारला की नुसता चकाकता डाग दिसतो. दिवा वरून तिरका घ्या. कागदावरच्या जलरंगांना 50 लक्सच्या आसपास उजेड पुरतो.

पावसाळ्यात कागदाची कामे थेट काचेला चिकटवून फ्रेम करू नका. मध्ये माउंट (जाड कागदाची चौकट) हवाच, नाहीतर बुरशी येते. फ्रेमवाला ‘चालतंय की’ म्हणेल, ऐकू नका.

कॅप्शनमध्ये कवीचे नाव, काव्य, क्रमांक आणि भाषांतरकाराचे नाव, चारही. भाषांतरकार हयात असेल किंवा हक्क कोणाकडे असतील, तर परवानगी छपाईच्या आधी मागा, प्रदर्शन उघडल्यावर नाही.