लायसिसच्या आधी घड्याळ कुणाचं लावायचं?

स्ट्रोकचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की नव्या हाऊस ऑफिसरला धास्ती असते लायसिसच्या, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या, डोसची. डोस पाठ होतो. अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त ९०. दहा टक्के बोलस, म्हणजे एका दमात, उरलेलं तासाभरात. वेळ मात्र नातेवाइकांकडून काढून घ्यावी लागते. माझा दम निघाला तो तिथेच.

"कधी झालं?" विचारलं की उत्तर तयार असतं, "सकाळी सहाला." साडेसातला पेशंट दारात, म्हणजे इंजेक्शन देता येतं त्या साडेचार तासांपैकी तीन हातात, असं वाटतं. पण सहाला काय झालं? सूनबाई चहा घेऊन गेल्या आणि तोंड वाकडं दिसलं. आजोबा झोपले रात्री दहाला. घड्याळ दहापासून लागतं. गुठळी झोपेत कधी अडकली कुणाला ठाऊक, आणि उशिरा दिलेलं इंजेक्शन मेंदूत रक्तस्राव घडवू शकतं. अशा वेळी एमआरआय बघून काही करता येईल का, हे न्यूरोलॉजिस्ट ठरवतील.

उलटही होतं. आजोबा पहाटे पाचला लघवीला उठले, आजींशी नीट बोलले, पुन्हा झोपले. मग साडेनऊपर्यंत वेळ आहे, आणि दहा लिहून तुम्ही त्यांची संधी घालवाल! म्हणून विचारा, "त्यांच्याशी शेवटचं नीट कोण बोललं?" रिक्षातून सोबत आलेल्या पुतण्याला काहीच माहीत नसतं. घरी राहिलेल्या आजींना फोन लावा. दूधवाल्याला विचारा, मोबाईलमधले कॉल बघा. केसपेपरवर "शेवटचं नीट पाहिलं" आणि "लक्षात आलं" या दोन वेळा वेगळ्या लिहा.

"रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे" यावरही थांबू नका, पाकीट मागवा. नुसती अॅस्पिरिन असेल तर अडत नाही. अॅसिट्रोम निघाली तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. शुगर ग्लुकोमीटरवर आधी बघा, कमी शुगर हुबेहूब स्ट्रोकसारखी दिसते. बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय इंजेक्शन नाही. वजन काट्यावरच करा.

ग्रुपवर फिरणारे डोसचे तक्ते मला मुळीच आवडत नाहीत. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं दुसरं औषध हार्ट अटॅकला वजनानुसार ३० ते ५० मिलीग्रॅम देतात, स्ट्रोकमध्ये २५ च्या वर जातच नाही, आणि तक्त्यावर कुठला आजार ते वरच्या ओळीत असतं, जी फॉरवर्ड करताना कापली जाते. त्यापेक्षा जुन्या सिस्टरना समोर उभं करून डोस मोठ्याने वाचा. "दे रे लवकर" म्हणणाऱ्या रजिस्ट्रारपेक्षा त्या जास्त शिकवतात.

पहिल्यांदा हात थरथरतात. थरथरू देत. सीटीत रक्त नाही, वेळ पक्की, बीपी ताब्यात, सीनियरचा होकार असेल तर उगाच रेंगाळू नका, मिनिटागणिक मेंदूच्या पेशी जातात.

नंतर मात्र खुर्ची बेडपाशीच. दोन तास दर पंधरा मिनिटांनी बीपी आणि हातापायांची ताकद, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, पुढे चोवीस तासांपर्यंत तासातासाने. डोकं ठणकलं, उलटी झाली, बीपी अचानक चढला तर ड्रिप बंद करून सीटी. रॅमिप्रिल ही बीपीची गोळी घेणाऱ्यांचे ओठ आणि जीभ सुजते का तेही बघा. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरना बेडपाशी नेऊन इंजेक्शन सुरू केल्याची वेळ सांगा. अॅस्पिरिन, हेपॅरिन ही रक्त पातळ करणारी औषधं चोवीस तासांनंतरचा सीटी बघूनच.