लोकलमधली धडधड

डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली की ठाण्याआधीच छाती धडधडायची, बोटं बधिर व्हायची. हा हार्ट अटॅकच, असं वाटून मी मध्येच उतरायचो. ईसीजी मात्र नॉर्मल.

मग सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून भीती कमी करणारा मानसोपचार, सुरू केला. तिसऱ्या भेटीत थेरपिस्ट मॅडमनी मुद्दाम एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावला. तीच धडधड, त्याच मुंग्या, तेही खुर्चीत बसून! भीतीने श्वास वाढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, हे तेव्हा पटलं.

वहीत विचार आणि त्याचा पुरावा लिहायचो, त्याचाही उपयोग झाला. पण खरा फरक पडला तो न उतरण्याने. आधी स्लो गाडीने दिव्यापर्यंत, मग ठाणे, मग दादर. आधारासाठीची पाण्याची बाटलीसुद्धा घरी ठेवून. पहिल्यांदा घामाने शर्ट भिजला, तरी बसून राहिलो. मुलुंड गेलं तेव्हा धडधड ओसरली होती.