पाइनच्या सुया पिवळ्या पडल्या? आधी फांदीचं टोक बघा

गणपती उठले की अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मराठी घरांतून विचारणा सुरू होते: कुंपणाचा पाइन वाळतोय, काय फवारू? बहुतेकदा उत्तर असतं, काहीच नको. याच घाईत धडधाकट पाइन तोडलेले मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं.

सदाहरित झाडाचीही पानं म्हातारी होतात. आंबा बारमाही हिरवा दिसतो, पण त्याच्या बुडाशी पाचोळा पडतोच. ईस्टर्न व्हाइट पाइन आपल्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, दोन-तीन वर्षंच धरतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जुन्या एकदम सोडतो, म्हणून पाहणारा घाबरतो. स्प्रूस हे दुसरं सुईचं झाड त्या पाच-सात वर्षं धरतं, त्याची गळ जाणवतही नाही. आपल्या मोरपंखीचा नातलग आर्बरव्हिटे आतल्या बारीक डहाळ्याच तांबूस करून टाकतो.

फांदी हातात घ्या. टोकाची यंदाची वाढ हिरवीगार आणि पिवळेपणा फक्त खोडाकडे, तोही झाडभर सारखा असेल, तर ती वयाची गळ. टोकंच तपकिरी झाली किंवा एकच बाजू वाळली, तर मात्र दुखणं शोधा. रस्त्याकडची बाजू वसंतात करपलेली दिसली, तर बर्फावर टाकलेल्या मिठाचा संशय घ्या. ब्लू स्प्रूसची झड खालून वर चढत असेल तर भिंगातून सुया पाहा. काळ्या ठिपक्यांच्या रांगा म्हणजे रायझोस्फेरा बुरशी. तिची फवारणी वसंतात नवे कोंब वाढत असताना करायची, आत्ता औषध वाया जातं. आर्बरव्हिटेवर लटकणाऱ्या बॅगवर्म या अळीच्या पिशव्या मात्र हिवाळ्यातच हातानं काढा. आत पुढच्या पिढीची अंडी असतात.

या दिवसांत खरी गरज पाण्याची. पाऊस कमी असेल तर जमीन गोठेपर्यंत, विशेषतः नव्या झाडांना, आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी खोल मुरवा. खत नको. सुया झाडाखालीच राहू द्या, फक्त खोडाला टेकवू नका. त्यांनी जमीन आंबट होते ही भीती निराधार आहे. पाइनची उघडी जुनी फांदी मध्येच छाटू नका, तिथून पुन्हा फूट येत नाही.

लार्च आणि बाल्ड सायप्रस तर सुईची झाडं असूनही दर हिवाळ्यात पूर्ण बोडकी होतात. शंका आली तर नखानं साल खरवडा. आत हिरवं दिसलं, तर वसंतापर्यंत थांबा.