पेडल खाली गेलं अन् वर येईना: ट्रॅकवर क्लचचा दोष कसा शोधायचा

मराठवाड्यातल्या माणसाला स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पळवायची तर बॅग भरूनच निघावं लागतं. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचं करी, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. एवढं अंतर तोडून गेल्यावर तिसऱ्या फेरीत क्लचचं पेडल फ्लोअरला चिकटलं की सोबतचा प्रत्येक जण डॉक्टर होतो. एक म्हणतो प्लेट गेली, दुसरा म्हणतो हवा धरली, तिसरा थेट गिअरबॉक्स उतरवायला निघतो. घरी आल्यावर मिस्त्री गाडी चालवून बघतो, तर गाडी ठणठणीत.

त्यात मिस्त्रीची चूक नाही. समृद्धीवर जालन्याहून नागपूरकडे गाडी वरच्या गिअरला लावली की क्लचला पाय लागतो तो थेट टोलनाक्यावर. बुद्धच्या ५.१२५ किलोमीटरच्या फेरीत १६ वळणं आहेत. जवळपास प्रत्येक मोठ्या वळणाआधी ब्रेक, गिअर खाली, मग पुन्हा वर, आणि हे सगळं इंजिन लाल पट्ट्याजवळ असताना. क्लचचे काही दोष फक्त याच अवस्थेत दिसतात.

म्हणून काहीही खोलण्याआधी चार गोष्टी वहीत उतरवा. पेडल अडकलं तेव्हा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती होता? गाडी सेशनच्या सुरुवातीला होती की चांगली तापलेली? पेडल खाली असताना इंजिन मोकळं फिरत होतं की गाडी ओढत होती? आणि पेडल वर आलं ते कशाने: आरपीएम उतरल्यावर, पंप केल्यावर, की अर्ध्या तासाने गार झाल्यावर? निम्मं निदान या चार उत्तरांत होतं. डोळ्यांदेखत घडूनही ही उत्तरं आठवत नाहीत, म्हणून पायाशी एक छोटा कॅमेरा पक्का बांधून ठेवा. पक्का म्हणजे खरंच पक्का. तो सुटून ब्रेकच्या पेडलाखाली गेला तर क्लचची चिंता करायची वेळच येणार नाही.

त्या क्षणी काय करायचं

नजर रस्त्यावरच ठेवा, पायाकडे बघू नका. अॅक्सिलरेटर सोडा आणि आरपीएम उतरू द्या. बऱ्याचदा काटा खाली आला की पेडल आपणहून उसळून वर येतं. नाही आलं तर सरळ रस्ता लागल्यावर बुटाचं टोक पेडलामागे घालून वर ओढा. वळणात हा उद्योग करू नका. मागच्यांना हाताने किंवा इंडिकेटरने इशारा द्या, रेसिंग लाइन सोडा आणि आहे त्या गिअरमध्ये सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाडी थांबवायच्या जागेत, या. इंजिन मोकळं फिरत असेल तर इंजिन ब्रेकिंग मिळणार नाही, सगळा भार ब्रेकवर येईल. त्या हिशेबाने आधीच ब्रेक लावा.

आधी सोप्या गोष्टी

पिटमध्ये आल्यावर पहिली नजर मॅटवर. सरकलेला रबरी मॅट पेडलाखाली जातो आणि क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. खरं तर ट्रॅकवर मॅट काढूनच जायचं असतं. मग इंजिन बंद करून पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवा. पेडलाच्या बुशमध्ये किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडलाच्या जोराने फ्लुइड ढकलणारा वरचा सिलिंडर) दांडीच्या पिनेत खडखड असेल तर पेडलाचे पहिले काही मिलिमीटर फुकट जातात. टॉर्च लावून पेडलाचा ब्रॅकेटही बघा. पत्रा वाकत असेल किंवा वेल्ड तडकलं असेल तर पाय पूर्ण दाबला जातो, पण जोर सिलिंडरपर्यंत पोचत नाही.

दोष उष्णतेचा आहे का

हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेक फ्लुइडच असतं, आणि बहुतेक गाड्यांत त्याची टाकीही ब्रेकचीच असते. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं. नवीन डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. क्लचचा खालचा सिलिंडर गिअरबॉक्सला चिकटून असतो. तो आतला, शाफ्टभोवती बसणारा गोल सिलिंडर असेल तर थेट तापलेल्या प्रेशर प्लेटशेजारी (क्लचची प्लेट दाबून धरणारा भाग) असतो. नळी टर्बो किंवा एक्झॉस्टजवळून जात असेल तर भरीत भर. जुनं फ्लुइड अशा जागी उकळतं आणि त्याची वाफ होते. फ्लुइड दबत नाही, वाफ दबते. तुम्ही पेडल दाबता ते वाफ दाबण्यातच खर्च होतं.

याची खूण अशी: पहिल्या दोन फेऱ्या चांगल्या जातात, मग पेडल हळूहळू मऊ होत जातं, क्लच फ्लोअरजवळ धरू लागतो आणि शेवटी पेडल निर्जीव होऊन खाली पडून राहतं. इथे तिसरा प्रश्न कामी येतो. पेडल खाली आहे, तरी गाडी ओढते. म्हणजे क्लच कधीच परत धरला, अडकलं ते फक्त पेडल. चार-पाच वेळा पंप केल्यावर थोडा जोर येतो आणि अर्ध्या तासाने सगळं पूर्ववत होतं. असं असेल तर गिअरबॉक्सला हात लावू नका, फ्लुइड बदला.

फ्लुइडचा रंग बघायचा तर टाकीतला बघून भागत नाही. वर फ्लुइड मधासारखं पिवळं दिसतं आणि खालच्या सिलिंडरच्या निपलमधून (हवा आणि फ्लुइड काढायचं तोंड) शाईसारखं काळं निघतं. क्लचच्या नळीत फ्लुइड फिरत नाही, तेच ते पुढे-मागे होत राहतं. सीलचा झिजलेला रबर आणि खाली शिरलेली क्लचची धूळ त्यातच साचते. निपलमधून दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर घ्या, लगेच कळेल. आपल्याकडे मे महिन्यात गाडी ४० अंशांच्या पुढे उभी असते आणि पावसाळ्यात हवेत ओल असते. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचं हे फ्लुइड दर ट्रिपआधी बदललेलं बरं. 'दोन वर्षांनी' हा हिशेब भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचा.

की दोष आरपीएमचा

हा जास्त फसवा आहे, आणि फ्लुइड तीनदा बदलूनही जात नाही तो बहुतेक हाच. प्रेशर प्लेटच्या मध्याशी पाकळ्यांसारखी फिंगर्स असतात. रिलीज बेअरिंग त्यांना आत दाबतं तेव्हा क्लच सुटतो, आणि पेडल वर ढकलण्याचं कामही त्याच करतात. पेडल गरजेपेक्षा जास्त खाली जात असेल तर फिंगर्स सपाट पातळी ओलांडून आतल्या बाजूला वाकतात. मग ६,०००-७,००० आरपीएमवर केंद्रापसारक बल त्यांना मागे येऊ देत नाही, वाकलेल्या जागीच धरून ठेवतं. त्यात पायाला पेडल हलकं वाटावं म्हणून पेडलाला एक मदतनीस स्प्रिंग असते. अर्ध्या रस्त्यापर्यंत ती पेडल वर धरते आणि त्याखाली गेल्यावर खाली ओढते. एका बाजूने परतीचा जोर कमी, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगची ओढ. पेडल खालीच राहतं.

इथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उलटं येतं: पेडल खाली आणि इंजिन मोकळं, भणाणत वर जातं. आरपीएम उतरला की पेडल टुणकन वर. सेशनच्या पहिल्याच फेरीत, गाडी पुरती तापायच्या आत असं झालं तर संशय पक्का करा.

गाडी उभी ठेवून तपासायचं तर इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. २,००० आरपीएमवर क्लच दाबा-सोडा, मग ३,००० वर, मग ४,००० वर. पेडल परत यायला दर पायरीला जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही बरोबर जागी आलात. अनेक नव्या गाड्यांचं इंजिन उभ्या गाडीत ४,००० च्या आसपास अडवलेलं असतं. तिथे पुढची तपासणी पायाशी बांधलेल्या कॅमेऱ्यावरच होईल.

उपाय स्वस्त आहे: पेडलाखाली स्टॉप. आधी क्लच नक्की कुठे सुटतो ते मोजा. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाका. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांतलं एकच जॅकने उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा, बाकीच्या चाकांना दगड लावा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर हँडब्रेकही ओढा. एक जण उचललेलं चाक हाताने फिरवायचा प्रयत्न करत राहील, दुसरा पेडल सावकाश दाबेल. चाक मोकळं फिरलं त्या क्षणी पेडल थांबवा आणि फ्लोअरपासूनचं अंतर पट्टीने मोजा. त्या बिंदूपुढे पेडल दोनेक सेंटिमीटर जाऊ द्या, तिथे स्टॉपचा बोल्ट लावून चेकनट आवळा. जास्त घट्ट घेण्याचा मोह नको. क्लच तापल्यावर सुटण्याचा बिंदू सरकतो, आणि अर्धवट सुटलेल्या क्लचवर गिअर टाकत राहिलात तर गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) जातील. गाडीला एलएसडी (दोन्ही चाकांना वेगवेगळं मोकळं फिरू न देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं उचलावी लागतात, नाहीतर चाक फिरणारच नाही आणि क्लच सुटत नाही असा गैरसमज होईल.

पेडल वर उचलायला जास्तीची रिटर्न स्प्रिंग लावण्याची युक्ती बरेच जण सांगतात. तिने पेडल वर येतं, पण वाकलेली फिंगर्स तशीच राहतात. आधी स्टॉप, मग बाकी.

ना उष्णता, ना आरपीएम

गार गाडीतही पेडल मऊ असेल तर गळती शोधा. मास्टर सिलिंडरची दांडी जिथे केबिनमध्ये येते तिथला रबर बोटाने उचला. आत ओलं असेल तर मागचं सील गेलं. खालचा सिलिंडर बाहेरचा असेल तर त्याचा रबरही असाच बघा. सिलिंडर आतला असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब येतो. हा थेंब इंजिन ऑइलचा, गिअर ऑइलचा की ब्रेक फ्लुइडचा हे ठरवल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नका. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास येतो. ब्रेक फ्लुइड पाण्यात मिसळून जातं, तेल वर तरंगतं. टाकीतली पातळी उतरली म्हणून लगेच गळतीही धरू नका, ब्रेक पॅड झिजले तरी ती उतरते.

बाहेर कुठेच ओल नाही, तरी पेडल बुडतं? मग मास्टरच्या आतलं सील बघा. सपाट, मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून पहिला गिअर टाका आणि क्लच पूर्ण दाबून मिनिटभर धरा. हात हँडब्रेकवर तयार ठेवा. गाडी हळूच पुढे सरकू लागली तर फ्लुइड सीलवरून मागे जातंय. मास्टर सिलिंडर बदलायचा.

पेडल जड झालं असेल तर ते बहुधा प्लेट झिजल्याचं लक्षण. प्लेट पातळ झाली की फिंगर्सचा कोन बदलतो आणि पायाला जोर जास्त लागतो. सोबत क्लच घसरतोय का ते औट्रम घाटाच्या चढावर कळतं: चौथ्या गिअरला ४०-५० च्या वेगात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा चढला आणि गाडी नाही चढली, तर घसरतोय. पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. सोडल्यावर येत असेल तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

हवा काढताना

सीलबंद अर्धा लिटरचा डबा पुरतो. मागच्या वर्षी उघडलेला डबा कितीही भरलेला असला तरी फेकून द्या. आधी टाकीतलं जुनं फ्लुइड सिरिंजने ओढून नवीन भरा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडून बंद करायचं, मगच पेडल वर. पेडल वर येणार नाही, ते हाताने उचला. निपल उघडं असताना पेडल उचललं तर हवा परत आत जाते. धाडधाड पंप करू नका, आतल्या गोल सिलिंडरची सीलं त्याने उलटतात. काळं जाऊन स्वच्छ फ्लुइड यायला साधारण २०० ते ३०० मिली लागतं. टाकीची पातळी क्लचच्या नळीच्या तोंडाखाली जाऊ देऊ नका. ते तोंड टाकीच्या बाजूला, बरंच वर असतं, त्यामुळे टाकी भरलेली दिसते आणि क्लच मात्र हवा ओढत असतो. काही गाड्यांत निपलच नसतं. तिथे प्लास्टिकच्या नळीवरची क्लिप सोडवून नळी पहिल्या खाचेपर्यंतच ओढायची.

फ्लुइड रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. काम झाल्यावर नळी एक्झॉस्टजवळून जाते तिथे उष्णतारोधक स्लीव्ह घाला, आणि निपलचं रबरी टोपण परत लावा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा फुफाटा निपलमध्ये बसला की पुढच्या वेळी ते पान्याने गोल होतं, उघडत नाही.