एकच गाणे, दोन तबकड्या: संग्रह करताना प्रेसिंगची तुलना कशी करावी

जुन्या तबकड्या जमवणाऱ्याच्या घरात काही वर्षांत एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन-तीन प्रती हमखास साठतात. एक वडिलांच्या वेळची असते, एक कुणी घर रिकामे करताना दिलेली असते आणि एखादी अलीकडे नव्याने बाजारात आलेली असते. त्यांतली कोणती चांगली वाजते, या प्रश्नाला ‘जुनी ती चांगली’ किंवा ‘जाड ती चांगली’ अशी तयार उत्तरे मिळतात आणि ती दोन्ही बऱ्याचदा चुकतात. आपल्याकडच्या तबकड्यांपुरते बोलायचे, तर ती कोणत्या वर्षी छापली यापेक्षा ती कुणाच्या घरी, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या सुईखाली वाजली, यावर तिचा आजचा आवाज अधिक अवलंबून असतो, असे माझे मत आहे. म्हणून प्रेसिंगची, म्हणजे एकाच ध्वनिमुद्रणाच्या वेगवेगळ्या छपाईंची, तुलना करण्याआधी प्रतीची पारख करता आली पाहिजे.

सांगली-मिरज परिसरात शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत यांच्या तबकड्या अजूनही जुन्या घरांतून निघतात, यात नवल नाही. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि त्यांची कबरही तिथल्या दर्ग्यात आहे. हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मल्या. बालगंधर्वांचा जन्म पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचा. दीनानाथ मंगेशकरांचे बिऱ्हाड सांगलीत होते. अशा गावांत तबकड्या शोधण्याचे मार्ग तीन: रद्दी-भंगारवाल्यांना सांगून ठेवणे, वाडे पाडले जात असतील तिथे मालकांशी आधीच बोलणे आणि जुन्या लाउडस्पीकरवाल्यांकडे चौकशी करणे. तिसऱ्या मार्गाने माल भरपूर मिळतो, परंतु तो जपून घ्यावा. लग्ने आणि गणेशोत्सव गाजवलेल्या या तबकड्या सुईचा हात जड असलेल्या यंत्रांवर शेकडो वेळा वाजलेल्या असतात. बाहेरून चकचकीत दिसणारी अशी प्रत लावली की तारसप्तकात आवाज चिरकतो, आणि ती झीज कोणत्याही धुण्याने भरून निघत नाही.

खरेदीच्या वेळी तबकडी खिडकीकडे किंवा टॉर्चकडे तिरकी धरून पाहावी. नख लावल्यावर जाणवणारा ओरखडा बहुधा ऐकू येतो. केवळ तिरप्या प्रकाशात दिसणारी बारीक जाळी बहुधा ऐकू येत नाही. त्यानंतर मधल्या छिद्राभोवती लेबलवर पाहावे. तबकडी बसवताना स्पिंडलचे, म्हणजे यंत्राच्या मधल्या खुंटीचे, टोक घासून तिथे बारीक रेषा उमटतात आणि त्या जितक्या दाट, तितकी तबकडी अधिक वाजलेली असते. विक्रेता प्रतीची स्थिती ‘व्हीजी प्लस’ (बरीच चांगली) सांगतो की ‘निअर मिंट’ (जवळजवळ नवी), यापेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा आहे.

कृष्णाकाठच्या संग्राहकाला आणखी एका प्रकाराची ओळख हवी, ती म्हणजे पुरात भिजलेल्या तबकड्यांची. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांच्या पुरांत सांगलीतल्या अनेक घरांत पाणी शिरले आणि त्या घरांतल्या तबकड्या आजही विक्रीला येतात. लेबलवर पाण्याची तपकिरी कड, कव्हरला पोपडे आणि खाचांत करडी साय दिसली, तर तो गाळ समजावा. व्हिनाइलला, म्हणजे एलपीच्या (33⅓ फेऱ्यांच्या तबकडीच्या) प्लास्टिकला, पाण्याने काही होत नाही. गाळाचे कण मात्र कोरडे पुसले, तर ते खाचा खरवडतात. म्हणून अशी तबकडी कधीही कोरड्या फडक्याने पुसू नये. लेबलला पाणी लागणार नाही अशा बेताने ती आधी साध्या पाण्यात भिजवावी, गाळ मऊ झाल्यावर वाहत्या पाण्यात सोडवावा, मग भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोन-चार थेंब टाकलेल्या पाण्यात मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवावा, आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळबळून सावलीत उभी वाळवावी. शेवटचे पाणी बोअरचे वापरल्यास त्यातले क्षार खाचांत सुकतात आणि साफ केलेली तबकडीही करकरते. लाखेच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांना ही पद्धत लावू नये. त्या पाण्यात भिजत ठेवू नयेत. ओलसर कापडाने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. स्पिरिट किंवा अल्कोहोल मिसळलेले कोणतेही द्रव त्यांना लावू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

आता प्रेसिंगकडे वळू. ध्वनिमुद्रण आधी लाकरच्या चकतीवर कोरले जाते. तिच्यावरून धातूची उलटी प्रत, त्या प्रतीवरून ‘मदर’ आणि मदरवरून छापण्याचे साचे, म्हणजे स्टॅम्पर, तयार होतात. साचा छापता छापता झिजतो, त्यामुळे एकाच कारखान्यातल्या, एकाच लेबलच्या दोन प्रतीही सारख्या वाजतीलच असे नाही. कोणती प्रत कोणत्या कोरीव कामातून आली हे ओळखण्यासाठी शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेले किंवा ठोकलेले आकडे वाचावेत. लेबल आणि कव्हर बदलले तरी हे मॅट्रिक्स क्रमांक तेच असतील, तर दोन्हींचे मूळ कोरीवकाम बहुधा एकच असते. आकडे वेगळे असतील, तर तुलना करण्याजोगे काही हाती लागले आहे असे समजावे. ब्रिटिश ईएमआयच्या तबकड्यांवर साच्याचा क्रमांक अक्षरांत लिहिलेला असतो आणि ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावातून घेतलेली जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही अक्षरे अनुक्रमे 1 ते 9 आणि 0 यांसाठी वापरलेली असतात, एवढे लक्षात ठेवले की तो उलगडतो.

भारतीय एचएमव्हीच्या तबकड्यांवर कॅटलॉग क्रमांकाची आद्याक्षरेही बोलकी आहेत. ईसीएलपी आणि ईएएलपी या मोनो मालिका, तर ईसीएसडी आणि ईएएसडी या स्टिरिओ. मूळ मोनो असलेले ध्वनिमुद्रण पुढे कृत्रिम स्टिरिओ करून पुन्हा काढलेले असल्यास मी डोळे झाकून मोनो प्रत घेतो, कारण त्या प्रक्रियेत गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना पसरून पातळ होतो आणि तबला कुठे बसला आहे तेच कळेनासे होते. लेबलवर वर्तुळातल्या ‘पी’पुढे छापलेले वर्ष हे छपाईचे वर्ष मानू नये. ते ध्वनिमुद्रण प्रथम प्रसिद्ध झाल्याचे वर्ष असते आणि तीच तबकडी त्यानंतर अनेक वर्षे छापली गेलेली असू शकते. आजची सारेगामा म्हणजेच पूर्वीची ग्रामोफोन कंपनी. तिने अलीकडे पुन्हा तबकड्या काढायला सुरुवात केली आहे. कोणत्याही नव्या प्रतीच्या कव्हरवर 180 ग्रॅम असे ठळकपणे लिहिलेले असले, तर त्यावरून तिचे वजन तेवढे कळते. मूळ टेप वापरली की डिजिटल फाइल, आणि कोरणारा हात कुणाचा, हे वजनावरून कळत नाही.

तुलनेसाठी यंत्र महागडे नसले तरी चालते, पण ते नीट लावलेले असावे. फिएस्टासारख्या जुन्या प्लेयरची सुई तबकडीवर आजच्या मानाने फार भार टाकते. ते यंत्र शोभेसाठी ठेवावे, चांगल्या प्रती त्यावर वाजवू नयेत. भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजावा आणि तो कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) माहितीपत्रकात दिल्याप्रमाणेच ठेवावा. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम95ई या कार्ट्रिजला 1.8 ते 2.2 ग्रॅम भार सांगितलेला आहे. याच मालिकेत 78 फेऱ्यांसाठी वेगळी सुई मिळते आणि ती त्याच कार्ट्रिजवर बसते. तिची आवश्यकता खरीच आहे: लाखेच्या तबकडीच्या खाचेला साधारण 75 मायक्रॉनचे टोक लागते, तर एलपीची सुई त्याहून कितीतरी बारीक असते आणि त्या रुंद खाचेच्या तळाशी घसटत केवळ खरखर उचलते. उलट 78 ची सुई एलपीवर ठेवली, तर एलपी त्याच वेळी खराब होते.

फेऱ्यांचा वेग तपासण्यासाठी स्ट्रोबची, म्हणजे रेघांची वर्तुळे असलेली, छापील चकती पुरते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने 33⅓ साठी 180 आणि 78 साठी 77 रेघांचे वर्तुळ पाहावे. वेग बरोबर असेल तर त्या रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. त्यासाठी जुनी चोकची ट्यूब किंवा साधा बल्ब हवा, कारण बऱ्याच एलईडी दिव्यांचा प्रकाश तसा लपलपत नाही.

प्रत्यक्ष ऐकताना सर्वांत मोठा चकवा आवाजाच्या पातळीचा असतो. एक प्रत अर्धा डेसिबल जरी मोठी वाजली, तरी कानाला ती मोठी न वाटता ‘अधिक मोकळी, अधिक जिवंत’ वाटते. त्यामुळे दोन्ही प्रती एकाच पद्धतीने धुऊन, एकाच सुईने, एकाच बैठकीत संगणकावर उतरवून घ्याव्यात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. तेच तीस सेकंदांचे तुकडे कापून त्यांची पातळी जुळवावी आणि घरातल्या कुणाला तरी कोणता तुकडा कोणता हे न सांगता लावायला सांगावे. नाव आणि लेबल दिसेनासे झाले की ‘पहिल्या प्रेसिंगची ऊब’ बऱ्याच वेळा नाहीशी होते. जी उरते ती खरी. मोनो तबकड्या ऐकताना अ‍ॅम्प्लिफायरचे मोनो बटण दाबावे किंवा सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजू एकत्र कराव्यात. मोनोचे संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असते, म्हणून उभ्या हालचालीतून येणारा कचकचाट त्याने बराच कमी होतो.

कोणते तुकडे निवडावेत? ख्यालाच्या तबकडीत गायक सूर लावण्यापूर्वी तानपुरा एकटा वाजत असेल, तर माझ्या मते त्या काही सेकंदांइतकी कठोर परीक्षा दुसरी नाही. मिरजेत तानपुरे बनवणाऱ्यांची दुकाने असल्याने खरा तानपुरा जवळून ऐकण्याची सोय या भागातल्या श्रोत्याला आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. जव्हारी लावलेल्या (घोडीवर झंकार येईल अशा बेताने बसवलेल्या) तारेतून निघणारे, न छेडताही ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारासारखे वरचे स्वर चांगल्या प्रतीत एकामागून एक उलगडतात. झिजलेल्या प्रतीत किंवा बोथट कोरीवकामात त्यांचा एक गुणगुणाट होऊन जातो. छिद्र केंद्रापासून थोडे सरकलेले असेल, तर तेही इथेच उघडे पडते, कारण षड्ज दर फेरीला किंचित वर-खाली हलतो. नाट्यपदात ऑर्गनचा लांबवलेला सूर हेच काम करतो. दुसरा तुकडा बाजूच्या अगदी शेवटचा घ्यावा. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर वेगाने सरकते आणि लेबलजवळ तो वेग वीसच्या आसपास उतरतो. द्रुत ताना आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे तिथेच फाटतात. तिसरा तुकडा दोन गाण्यांमधल्या शांततेचा.

त्या शांततेतला आवाज नीट वेगळा करता आला पाहिजे. दोन्ही प्रतींत सारखीच येणारी एकसंध ‘हिस्स’ मूळ टेपची असते आणि तिचा दोष प्रेसिंगला देऊ नये. एलपीवर दर 1.8 सेकंदांनी येणारा टक किंवा सळसळ एका फेरीला एकदा येत असते, म्हणजे ती ओरखड्याची किंवा छपाईच्या दोषाची असते. अनियमित कचकच बहुतेक वेळा धुळीची, आणि तबकडी कोणतीही लावली तरी तीच खोल घरघर ऐकू आली, तर ती यंत्राची.

78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून पुढे एलपी निघाल्या, त्यांची तुलना थोड्या वेगळ्या नजरेने करावी. अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1930 च्या दशकात ओडियन कंपनीसाठी गायलेल्या चिजा पुढे एलपीवरही आल्या. अशा एलपीत खरखर कमी असली, तर आधी कंठाच्या वरच्या स्वरांकडे लक्ष द्यावे. खरखर गाळताना पुष्कळदा तेच स्वर गाळले जातात. मूळ तबकडी बऱ्या स्थितीत असेल आणि सुई योग्य असेल, तर मी खरखरीसकट तीच पसंत करतो.

प्रत्येक तुलनेनंतर मॅट्रिक्स क्रमांक, वापरलेली सुई, भार, तारीख आणि दोन ओळींचे मत एका चिठ्ठीवर लिहून ती कव्हरमध्ये ठेवावी. सहा महिन्यांनी आठवणीवर विसंबता येत नाही. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, आतले कागदी पाकीट बुरशीचे असेल तर बदलावे आणि सांगलीच्या गावभागासारख्या सखल वस्तीत राहणाऱ्यांनी जूनच्या आधीच त्या माडीवर हलवाव्यात. तुलनेत मागे पडलेली प्रत लगेच विकू नये. तिचे कव्हर किंवा तिची दुसरी बाजू चांगली असू शकते, आणि एका प्रतीची पहिली व दुसऱ्या प्रतीची दुसरी बाजू ऐकणे हा कित्येक भारतीय एलपींच्या बाबतीत सर्वांत समाधानकारक तोडगा ठरतो.