मे महिन्यातलं जुनं पुणं: निघण्याआधीची तयारी

पेठा बघायला येताना बहुतेक लोक आधी ठिकाणांची यादी करतात आणि वेळ नंतर बघतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उलटं करावं लागतं: आधी ऊन मांडा, मग त्यात ठिकाणं बसवा. सकाळी साडेदहापर्यंत उघड्यावरचं, दुपारी छपराखालचं, साडेचारनंतर बाजार. त्यासाठी दोन दिवस हवेत. एकाच दिवसात पर्वती, आगाखान पॅलेस आणि पेठा कोंबल्या की निम्मा दिवस वाहतुकीत जातो.

तारीख धरण्याआधी कालनिर्णय उघडा. अक्षय्य तृतीयेला दगडूशेठ गणपतीपुढे आंब्यांचा महानैवेद्य असतो. तो बघायचाच असेल तर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. लग्नसराईतले शनिवार-रविवार लक्ष्मी रस्त्यासाठी टाळा, मंगळवार-बुधवार बरे. ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी आणि नाना पेठेत मुक्कामाला असतात, त्या दिवसांत बरेच रस्ते वाहनांना बंद होतात. तेव्हा यायचं ते दर्शनालाच, वाड्यांसाठी दुसरा आठवडा बघा. दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद ठेवायचा असला तर तो बहुधा गुरुवारी असतो, म्हणून खोली घेताना टाकी मोठी आहे का, हे विचारून घ्या.

खोली पेठेतच हवी असा हट्ट नको. डेक्कन किंवा शिवाजीनगरला मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशी जागा घ्या. पेठांसाठी तीन स्थानकं लक्षात ठेवली की पुरे: शनिवारवाड्यासाठी पुणे महानगरपालिका (तिथून शिवाजी पूल ओलांडून चालत), कसब्यासाठी कसबा पेठ आणि तुळशीबागेसाठी मंडई. दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात भेटतात. तिथे एक मार्गिका जमिनीखाली खोल आणि दुसरी उन्नत आहे, त्यामुळे बदलायला वेळ लागतो. सोबत ज्येष्ठ असतील तर दहा मिनिटं जास्त धरा.

गाडी शक्यतो आणूच नका. पेठांत पी-१, पी-२ पाट्यांप्रमाणे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची असते. पाटी न वाचता लावली तर ती उचलून नेतात. आणलीच तर मंडईजवळच्या आर्यन किंवा बाबू गेनू वाहनतळावर सकाळी लवकर लावा आणि दिवसभर तिथेच राहू द्या. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकेरी आहेत, तेही उलट दिशांना. हाकेच्या अंतरावरच्या ठिकाणालासुद्धा रिक्षाने मोठा वळसा पडतो, म्हणून पेठेत पायीच फिरा. रिक्षा घेतली तर मीटर शून्यावर आहे ना ते बघून बसा, आणि दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा.

पिशवीची तयारी आदल्या रात्रीच करा. माणशी दोन लिटर पाणी, सुती टोपी किंवा पंचा, पॉवर बँक आणि ओआरएसची पाकिटं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदाच विरघळवायचं असतं. बरेच जण अर्धं पाकीट पेल्यात घालतात, मग मिश्रण फार खारट होतं आणि मुलांना त्याचा त्रासच होतो. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाका. मंदिरांबाहेर चपला काढल्यावर फरशी अक्षरशः पोळते, म्हणून एक जुना मोज्यांचा जोड हवाच. बोलताना कुणी अडखळायला लागलं, अंग तापलं, भ्रम झाल्यासारखं वाटलं तर तो साधा थकवा समजू नका: सावलीत आडवं करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पहिल्या दिवशी सातला कसबा गणपती, मग लाल महाल, आणि शनिवारवाडा उघडल्या उघडल्या आत. हा क्रम मोडू नका. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले, त्यामुळे तटाच्या आत जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ एवढंच उरलं आहे. सावली जवळजवळ नाही, आणि अकराला आत शिरलेली माणसं वीस मिनिटांत बाहेर पडतात. दिल्ली दरवाज्याचे खिळे नीट बघा, वर नगारखान्याकडे चढा आणि तटावरून एक फेरी मारा. तिथून शिवाजी रस्त्याने मंडईकडे निघालात की दगडूशेठ वाटेतच लागतो. रांग लांब असेल तर रस्त्यावरूनही दर्शन होतं.

दुपार राजा केळकर संग्रहालयाला द्या. दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं आणि कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल यांना तीन तास कमीच पडतात. जेवण त्याआधी हलकं घ्या, सोबत ताक किंवा कोकम सरबत. झणझणीत मिसळ संध्याकाळसाठी राखून ठेवा. पेठांतली बरीच दुकानं दुपारी बंद असतात, तेव्हा खरेदीची घाई नको. साडेचारनंतर विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग, तुळशीबागेचं राममंदिर, भोवतालच्या गल्ल्या आणि मंडईची जुनी अष्टकोनी इमारत. गल्ल्यांत पिशवी पुढे धरा, पैसे दोन खिशांत विभागा आणि चुकामूक झाली तर मंदिराच्या दाराशी भेटायचं, हे आधीच ठरवा. मे महिन्यात याच वेळी वळीव कोसळतो. कागदपत्रं आणि मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी ठेवा, आणि वारा सुटला की झाडाखाली थांबू नका.

दुसऱ्या दिवशी सहाला पर्वती: पायऱ्या शंभरच्या आसपास आणि चढ सोपा, पण नऊनंतर दगड तापतो. दुपारी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं हे लेणं एकाच बेसाल्टात कोरलेलं आहे आणि आतला गारवा भर दुपारीही टिकतो. फक्त नंदीच्या गोल मंडपाभोवतीचं उघडं अंगण मोजे घालून ओलांडा. तिथून मेट्रोने कल्याणीनगर आणि पुढे थोड्या अंतरासाठी रिक्षा करून चारपर्यंत आगाखान पॅलेसला पोहोचा. गांधीजी ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ इथे स्थानबद्ध होते. आधी आतली दालनं बघा, आणि मागच्या बागेतल्या कस्तुरबा व गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाधींकडे ऊन उतरल्यावर जा. वास्तू संध्याकाळी लवकर बंद होते, तेव्हा उशिरा पोहोचलात तर आधी समाधी गाठा.