दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा की अप्रेंटिसशिप? पालकांनो, या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की प्रत्येक घरात एक न लिहिलेला तक्ता बाहेर येतो. पंच्याऐंशीच्या वर असेल तर सायन्स, सत्तरच्या आसपास कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि गाडी फारच अडखळली तर ‘टाका त्याला आयटीआयला’. पोराला काय जमतं, कुठे त्याचा हात चालतो, काय केल्यावर तो तासभर जागचा हलत नाही, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये शिकवताना दरवर्षी जी मुलं ‘सर, ट्रेड बदलून मिळेल का?’ (ट्रेड म्हणजे फिटर, वेल्डर असं शिकायला निवडलेलं काम) विचारत येतात, त्यातली बहुतेक या तक्त्यातून आलेली असतात.

‘आयटीआयला मार्क लागत नाहीत’

हा समज सगळ्यात महाग पडतो. काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो हे खरं. पण प्रवेश दहावीच्या गुणांच्या मेरिटवरच होतो, आणि शहरातल्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटार मेकॅनिक यांच्या जागा पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच जातात. उरलेल्या जागांवर जे मिळेल ते घेतलं, की पोरगं दोन वर्षं कुढत बसतं.

पुढेही मार्क पाठ सोडत नाहीत. मध्य रेल्वेची अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवारांची, भरती घ्या. तिथे लेखी परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआय या दोन्हींच्या गुणांच्या सरासरीवर मेरिट लागतं, आणि दहावीला किमान ५० टक्के असल्याशिवाय अर्जच करता येत नाही. म्हणजे ‘काय, आयटीआयच तर करायचंय’ म्हणत दहावीला ४५ टक्क्यांवर समाधान मानलेल्या मुलाचा हा रस्ता आयटीआयमध्ये पाऊल टाकण्याआधीच बंद झालेला असतो. मुलगा नववी-दहावीत असेल आणि त्याचा ओढा हत्यारांकडे दिसत असेल, तर हे त्याला आत्ताच सांगा. अभ्यासाला बसवायला इतकं खरं कारण दुसरं सापडणार नाही.

इमारत बघितली, काम बघितलं नाही

प्रवेशाआधी आईवडील कॉलेज बघायला जातात. गेट, कॅन्टीन, बसस्टॉप, फीचा तक्ता. मुलाला पुढची तीसेक वर्षं जे करायचंय ते मात्र कोणीच बघायला जात नाही.

फिटरचंच सांगतो. पहिल्या दिवशी मुलाच्या डोळ्यापुढे मोठमोठी मशीन्स असतात. हातात मिळते कानस आणि माइल्ड स्टीलचा तुकडा, ज्याला आम्ही ‘जॉब’ म्हणतो. तो व्हाइसमध्ये पकडायचा, हॅकसॉने कापायचा आणि घासायचा. घासून झाला की गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरायचा. गुण्याची कड आणि लोखंड यांच्या मधून प्रकाशाची रेघ दिसली की परत घासायचा. मधे उंचवटा राहिला, कड पडली, काटकोन सुटला, की पुन्हा. हे दिवसभर उभं राहून, आणि कितीतरी आठवडे. तळहाताला फोड येतात. काही मुलं आठवड्याभरात वैतागतात. काही मुलांना मात्र ती रेघ नाहीशी होताना बघायची चटक लागते. मधली सुट्टी झाली तरी ती व्हाइस सोडत नाहीत. यातलं आपलं पोरगं कुठलं, हे माहितीपुस्तक वाचून कळत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो निकालानंतर करून भागत नाही. नववीच्या उन्हाळ्यात करावा लागतो. नात्यात, गल्लीत कोणीतरी वायरमन, वेल्डर, लॅब टेक्निशियन, सुतार, स्वयंपाकी, अकाउंटंट असतोच. त्याच्याकडे पोराला चार दिवस नुसतं बसायला पाठवा. काम करायला लावू नका. अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामाला हात लावू देणं कायद्यातही बसत नाही. बघू द्या आणि तीन प्रश्न विचारून यायला सांगा. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता? दहा वर्षांपूर्वी तुम्ही काय करत होता आणि आज काय करता? तुमच्या मुलाला याच धंद्यात घालाल का? तिसऱ्या प्रश्नाला माणसं बहुधा खरं बोलतात.

कल चाचणीबद्दलही लगेच बोलून घेतो. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. अशा चाचण्या वाईट नाहीत. पण चाचणीचा निकाल म्हणजे पत्रिका नव्हे. ‘तांत्रिक’ असा कल आला म्हणजे फिटर, ड्राफ्ट्समन आणि मोबाइल दुरुस्ती ही तिन्ही कामं सारखीच आवडतील असं होत नाही. मुलाशी बोलायला एक निमित्त, एवढंच तिचं मोल. हजारो रुपये घेऊन बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्यांच्या तर दारातसुद्धा उभे राहू नका.

डोळे तपासलेच नाहीत

ही चूक कोणाच्या ध्यानीमनीही नसते. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त, आणि बऱ्याच जणांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. शाळेत याने काही अडत नाही. अडतं ते वायरिंगमध्ये, रेल्वेच्या लोको पायलटच्या वैद्यकीय तपासणीत, मर्चंट नेव्हीत. काही वर्षं शिकून, भरतीत उत्तीर्ण होऊन शेवटी मेडिकलला बाहेर पडलेल्या पोराची समजूत काढणं फार कठीण असतं. नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांतले आकडे वाचायची इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. इलेक्ट्रिशियन, वायरमन, रेल्वे, जहाज, सैन्यदल यांपैकी काहीही डोक्यात असेल तर फॉर्म भरायच्या आधी ती करून घ्या. दोष निघाला तरी टर्नर, मशिनिस्ट असे ट्रेड आहेत; पण ज्या नोकरीवर नजर आहे तिचे वैद्यकीय निकष तेवढे आधी वाचा.

आयटीआय आणि डिप्लोमा एकच समजणं

दोन्ही दहावीनंतर, दोन्ही ‘टेक्निकल’, म्हणून पालक दोन्हींचे फॉर्म सारख्याच मनाने भरतात. आयटीआय हाताचं कसब शिकवते. ट्रेडनुसार एक किंवा दोन वर्षं. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) एक वर्षाचे. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, तिथे हातापेक्षा वही जास्त चालते. प्रवेशाला दहावीचे ३५ टक्के पुरतात, म्हणून गणितात जेमतेम तरलेला मुलगाही आत जातो आणि पहिल्याच वर्षी गणितात अडकतो. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी पुस्तकांचा धक्का वेगळाच. दहावीचं बीजगणित मुलाने समजून केलं होतं की पाठ करून, हे त्याच्या शिक्षकांना खाजगीत विचारा. डिप्लोमाचा निर्णय त्या उत्तरावर बराचसा ठरतो.

दुसरीकडे, ‘आयटीआय केली म्हणजे शिक्षण संपलं’ ही भीतीही खोटी आहे. दोन वर्षांची आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. घरात ‘डिग्री तर हवीच’ असं म्हणणारे काका असतील, तर त्यांना ही शिडी कागदावर काढून दाखवा. वाद निम्मा मिटतो.

मुलींच्या बाबतीत अजून एक सवय आहे. आयटीआय म्हटलं की शिवणकाम, ब्यूटी पार्लर नाहीतर कोपा. त्यात वाईट काही नाही. पण मुलीला मोटर उघडून बघायची हौस असेल तर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा मशिनिस्ट का नको, याचं नीट उत्तर अजून कुठल्याही पालकांनी मला दिलेलं नाही.

अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी, असं धरून चालणं

इथे गोंधळ सर्वांत जास्त आहे. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली चालते. त्या कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. वर्ष पूर्ण झाल्यावर कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन नाही. ‘पर्मनंट करतील’ हा शब्द गेटवरच्या कोणी दिला असेल तर तो कागदावर आहे का ते बघा. फायदे मात्र खरे आहेत: अनुभव, परीक्षेनंतर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र, आणि रेल्वेतून अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ (सर्वांत खालच्या पायरीच्या पदांच्या) भरतीत राखीव असलेल्या २० टक्के जागा.

आता लोक फसतात त्या जागा.

पैसे कंपनीने मुलाला द्यायचे असतात, मुलाने कोणालाही नाही. सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणीला फी नसते. ‘मोठ्या कंपनीत अप्रेंटिस लावून देतो, वीस हजार द्या’ म्हणणारा एजंट जिथे भेटला तिथूनच परत फिरा. २०१९ च्या नियमांनी महिन्याचं किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरवलं होतं. हे आकडे सुधारले जातात, म्हणून सही करण्याच्या दिवशीचा आकडा त्याच पोर्टलवर बघून घ्या.

करार नोंदवलेला हवा. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाची सही लागते, आणि मधेच सोडलं तर काय हेही त्यात असतं. सही करायच्या आधी सगळा कागद वाचा. नोंदणीच नसेल, तर कंपनी त्याला ‘ट्रेनी’ म्हणो की ‘अप्रेंटिस’, वर्षाच्या शेवटी परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ पासून सुरू झाली, त्यातही महिन्याला पैसे मिळतात. पण ती वेगळी योजना आहे, तिथलं प्रमाणपत्र या कायद्याखालचं नाही. आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं आणि डिप्लोमा-पदवीवाल्यांसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची ‘नॅट्स’ वेगळी, हेही लक्षात असू द्या. चुकीच्या ठिकाणी नोंदणी करून महिनोन्‌महिने फोनची वाट बघणारी मुलं कमी नाहीत.

आणि काम? सहा महिने नुसती खोकी उचलायला लावली, ट्रेडचं काही शिकवलंच नाही, किंवा नगावर पैसे देऊ म्हणाले, तर ते चालणारं नाही. अप्रेंटिसला पीस रेटवर पैसे देणं या कायद्याने मना आहे. अशा वेळी पोरं एक तर निमूट सहन करतात किंवा एक दिवस जायचं बंद करतात. दोन्हींनी नुकसान त्यांचंच. रोज काय काम केलं त्याची वही ठेवायला लावा, तारखेसकट. मग ती घेऊन आयटीआयशी जोडलेल्या बीटीआरआय केंद्रात जा. शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारे सल्लागार अधिकारी तिथे बसतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते.

कागद जूनमध्ये आठवणं

याबद्दल थोडक्यात. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल यांसाठी सेतू केंद्रातली रांग निकालानंतर लांबते. फेब्रुवारीत तिथे निवांत असतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, जन्मतारखेत घोळ, यावरून पुढे प्रमाणपत्र अडकतं, विद्यावेतनही अडकतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवा, आणि मुलाचं स्वतःचं बँक खातं आधारशी जोडून ठेवा. ऑनलाइन विकल्प भरताना ‘बघू तरी’ म्हणून पहिल्या क्रमांकावर भलतंच काही टाकू नका. आयटीआयच्या प्रवेशात पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं.

आधीच चुकलं असेल तर

गणपतीच्या सुमारास मुलगा म्हणतो, ‘मला हे नाही करायचं.’ लगेच दाखला काढायला धावू नका. पंधरा दिवस विचारत राहा: काम नकोय, की सर, की हॉस्टेल, की कुठला मुलगा त्रास देतोय? काम हेच कारण निघालं, तर प्राचार्यांना भेटून त्याच संस्थेत दुसऱ्या ट्रेडची जागा रिकामी आहे का ते विचारा. नसेल तर हिशेब मांडा. एक वर्षाचा ट्रेड असेल तर तो पुरा करून प्रमाणपत्र हातात घेऊनच निघावं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात गणिताने दोनदा गाठलं असेल, तर पुढच्या वर्षी आयटीआयला जाण्यात लाज नाही. आयटीआयच्या प्रवेशाला कमाल वयाची अट नाही. घड्याळ चालू असतं ते दुसरीकडे. रेल्वे अप्रेंटिसला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २४ आहे, राखीव गटांना सवलत. पोराची जन्मतारीख समोर ठेवा, उरलेली वर्षं मोजा आणि मग ठरवा की हे वर्ष सोडून देणं परवडतं का.